अर्थिंगचा खड्डा

मंजुळाबाई रोहिणखेडहून, म्हणजे माहेराहून, परत आली ती दिवेलागणीला, आणि अंगणातच थबकली. घरात दिवा आधीच लागला होता. आणि तो कंदील नव्हे, चिमणी नव्हे. ओसरीच्या आढ्याला काचेचा गोळा लोंबत होता आणि त्याचा उजेड थेट धुण्याच्या दगडापर्यंत सांडला होता. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर काळं मीटर, त्याच्या पोटात एक चकती गरगरत होती, आणि शेजारी लोखंडी पेटी. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आणि त्यांना हात नाचवून सगळं समजावून सांगत होती कोण? तर सोजरा. धाकटी जाऊ!

"ह्या पेटीतून सगळी लाईन बंद होते, अन् ह्या बटनानं निस्ता दिवा," सोजरा सांगत होती. "अन् पेटीले ओल्या हातानं शिवाचं नाही बरं का. वायरमननं बजावलं हाये."

आता दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, वा गं बाई, घराचं सोनं झालं. पण मंजुळाबाईचं तसं नव्हतं. त्या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय उतरंडीतलं मडकं हललं नव्हतं. घराचं सोडा, अख्ख्या धामणखेडात तिचा शब्द चाले. कोणाची पोर कुठं द्यायची, कोणाच्या लेकराला दृष्ट लागली, कोणाच्या सुनेचे पाय कुठं वळून राहिले, सगळं मंजुळाबाईला विचारा. 'मंजुळाबाई म्हणते म्हणजे तसंच असंल,' असं म्हणायची गावाला सवयच लागून गेली होती. आणि खोटं कशाला बोला, तिलाही त्या सवयीची सवय लागली होती.

नवं राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली होती. मेहकरकडून खांब येत येत गावात पोचले होते. "मीटर मी आल्यावर बसवा," असं ती जाताना बजावून गेली होती. पण वायरमनची पाळी काही हिच्या माहेरपणासाठी थांबते काय! तो आला त्या दिवशी मंजुळाबाईचा नवरा महादेवराव आणि दीर शेषराव दोघंही वांग्या-मिरच्यांची गाडी घेऊन मेहकरच्या बाजाराला गेलेले. घरात एकटी सोजरा. तिनंच त्याला पाणी दिलं, शिडी धरली, जे मागितलं ते आणून दिलं, आणि संध्याकाळी दोघे भाऊ परत आले तर घर लखलख.

"बरं झालं," मंजुळाबाई म्हणाली आणि पाय धुवायला गेली. पण ते 'बरं झालं' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

महिनाभर गाव सोजराचंच गुणगान करत होतं. गावातलं हे पहिलंच मीटर, म्हणून ज्याच्या घरी पुढं यायचं होतं तो आतापासूनच सोजराला विचारायला यायचा. फळी कुठं ठोकावी, ओल नसलेली भिंत कोणती, असलं काहीबाही. मंजुळाबाई चुलीपुढं बसून ऐकायची आणि फुंकणी जरा जास्तच जोरात फुंकायची.

अशात दोन गोष्टी झाल्या. भरल्या कासेची म्हैस एकाएकी आटली. आणि मंजुळाबाईच्या लेकीचं, वत्सलेचं, ठरत आलेलं लग्न मोडलं. पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही. नुसता निरोप पाठवला की आमचा विचार फिरला. मंजुळाबाई आठवडाभर धड जेवली नाही. गावभरच्या पोरी हिनं उजवल्या, आणि स्वतःचीच पोर उंबऱ्यात अडली. लोकांना तोंड काय दाखवायचं?

तेव्हा शेजारची झुंबरबाई भिंतीवरून डोकावली. झुंबरबाईचं असं आहे, की तिच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि भिजलाच तर दुसऱ्याच्या अंगणात उगवतो.

"मंजुळे, सांगू का नको सांगू करत होती," ती म्हणाली. "पण तुह्या पोरीचं पाहून जीव ऱ्हायना. तू माहेरी होती न, तवा अवसेच्या दिवशी तुही जाऊ अंगणात खड्डा भरत होती. म्या माह्या डोळ्यांनं पाह्यलं. कोळसे टाकले, खडेमीठ टाकलं, अन् वरून माती लोटली. त्या तिथं, धुण्याच्या दगडापाशी."

"अवसेले?"

"हाव न. अन् मंग तुही म्हैस आटली. मी काही म्हणत नाही बाई. मी निस्तं पाह्यलं ते सांगतलं."

कोळसा आणि मीठ, अवसेला, अंगणात! अहो, वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, हे काय आहे म्हणून. ती डोळे न उघडता सांगेल, करणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली सगळी मळ्यात मिरच्या तोडायला गेली. मंजुळाबाई डोकं दुखतं म्हणून मागं राहिली. तिनं कुदळ घेतली आणि धुण्याच्या दगडापाशी घाव घातला. माती भुसभुशीत होती. खणत खणत कमरेइतकी आत गेली तेव्हा काळा थर लागला. कोळसे. मग मीठ, ओलं, चिकट. परत कोळसे. आणि त्याखाली उभा पुरलेला तांब्याचा चौकोनी पत्रा. मंजुळाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. असा पत्रा तिनं मांत्रिकाकडं पाहिला होता, लहानसा, यंत्र कोरलेला. हा तर चांगला परातीएवढा.

पत्र्याला एक जाड तार कसलेली होती. ती मातीतून भिंतीच्या पायाशी गेली होती, आणि तिथून वर पांढऱ्या मातीच्या ताज्या पोताऱ्याखाली तिचा फुगवटा सरळ दिसत होता. सरळ वर. मीटरच्या फळीपर्यंत. मंजुळाबाईनं ते पाहिलं. क्षणभर कुदळ तशीच धरून उभी राहिली. आणि मग तिनं तिकडची नजर काढून घेतली, तारेवर दोन घाव घातले, आणि तुटलेला पत्रा उचलून टोपलीत टाकला.

टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली ती थेट मारुतीच्या पारावर. भर पारावर तिनं ती उपडी केली. कोळसे गडगडले, मीठ पसरलं, पत्रा खणकन वाजला.

"पाहा! पाहा माह्या घरात काय पुरलं ते!"

आणि मग तिची जीभ सुटली. म्हैस, लग्न, आपली उपाशी लेक, सगळं तिनं एका दमात ओकलं. रडली, छाती बडवली. पार भरायला कितीसा वेळ लागतो! कोणीतरी धावत जाऊन मळ्यातून सोजराला घेऊन आलं. तिच्या हाताला अजून मिरच्यांचा तिखटपणा होता. डोळ्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून घामानं निथळत तशीच उभी राहिली. मागून शेषराव आणि महादेवराव आले.

गावात वडीलधारा म्हणजे तुळशीराम. त्यानं घसा खाकरला. "सोजरे, मारुतीच्या पायरीवर हात ठेव. अन् खरं सांग. हे तू पुरलं का नाही पुरलं?"

सोजरानं पत्र्याकडं पाहिलं, पायरीवर हात ठेवला. "पुरलं. मीनंच पुरलं. पण बाबा, ते मीटरचं हाये. वायरमन शंकरभाऊनं सांगतलं, खड्डा करा, कोळसा-मीठ घाला, त्याले अर्थिंग म्हणते..."

पुढचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. 'पुरलं' म्हटल्याबरोबर गलका झाला. "वीज वरून तारेतून येते का जमिनीतून उगवते बे?" कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. "अन् वायरमननं सांगतलं म्हणे! घरी कोणी नसताना वायरमन अन् ही!" असं दुसऱ्या कोणी म्हटलं, तेव्हा हसणं वेगळंच झालं.

सोजरानं नवऱ्याकडं पाहिलं. शेषराव स्वभावानं गरीब. वहिनीच्या हातचं खाऊन मोठा झालेला. त्याला बिचाऱ्याला एवढंच कळत होतं की वहिनी आजपर्यंत खोटं बोलली नाही. तो खाली बघत राहिला. मग सोजरा मंजुळाबाईकडं वळली.

"जाऊबाई, तुमी तरी सांगा. मी असं करीन का?"

मंजुळाबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं शेषराव सोजराला लोणारला तिच्या माहेरी सोडून आला. एसटी थांबते तिथं बायका पाण्याला निघाल्या होत्या. त्या तिच्या वाटेवरून बाजूला झाल्या, एकीनं लेकराच्या तोंडावर पदर टाकला. तो पत्रा तुळशीरामच्या सांगण्यावरून नदीच्या डोहात फेकला. खड्डा बुजवला. गावानं हुश्श केलं, आणि परत म्हणायला लागलं, 'मंजुळाबाई होती म्हणून बरं!'

चार दिवसांतच लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. मंजुळाबाईला वाटलं, करणीचा उरलेला अंश आहे. तिनं मीटरला लिंबू-मिरची बांधली, नारळ ओवाळला, उतारा टाकला. शेजारणींना दाखवलंसुद्धा, 'पाहा, अजून जात नाही!' आता हसायला येतं, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं.

मग एका सकाळी महादेवराव आंघोळ करून ओल्या अंगानं आला आणि मेन बंद करायला म्हणून त्यानं पेटीच्या दांड्याला हात घातला. हात चिकटला. तोंडातून आवाज निघेना. मंजुळाबाई चुलीपाशी होती. तिला दिसलं की नवरा भिंतीला धरून थरथरतोय आणि डोळे पांढरे झालेत. ती किंचाळली. नशीब एवढंच की महादेवरावाचे पाय लटपटून तो आपल्याच वजनानं मागं पडला आणि हात सुटला. तळहात भाजला होता. उजवा खांदा उखळला होता. दुपारपर्यंत त्याला धड बोलता येईना.

शेषराव सायकल काढून मेहकरला गेला आणि वायरमन शंकररावाला घेऊनच आला. हा शंकरराव म्हणजे तिशीतला, बारीक, सदा घाईत असलेला माणूस. मधले दिवस तो दुसरीकडं लाईनच्या कामावर होता. त्यानं आधी फ्यूज काढला. पेटी उघडली. आतल्या एका वायरीचं रबर पत्र्याच्या कडेला घासून उघडं पडलं होतं. "हे होते कधी कधी," तो पुटपुटला. "होते म्हणूनच तं अर्थिंग करतो." मग त्यानं पेटीपासून खाली जाणारी तार बोटानं पोताऱ्यावरून चाचपली. भिंतीच्या पायाशी आला. ओढली तर तुकडा हातात आला.

"काकू, अर्थिंग कुठाय?"

शेषराव भावापाशी आत बसला होता. अंगणात मंजुळाबाई एकटी.

"ते काय अस्ते?" तिनं विचारलं.

"अवो, इथं सोजराताईनं माह्यासमोर खड्डा भरला! तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ. कोळसा-मिठानं ओल टिकते. पेटीत वीज उतरली, तं ती ह्या तारेनं जमिनीत निघून जावी, फ्यूज उडावा, माणसाले धक्का बसू नये, त्याच्यासाठी असते ते. तुमची वाटच तुटली. मंग वीज जाईन कोठून? जो हात लावीन त्याच्यातून!" त्यानं तुटका तुकडा तिच्यापुढं धरला. "हे तुटलं नाही, तोडलेलं हाये. कोणं काढला पत्रा?"

आणि काय बोलली असेल मंजुळाबाई? "डुकरं लय झाली गावात," ती म्हणाली. "उकरला असंन."

शंकररावानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा तुकड्याकडं. कुदळीचा घाव आणि डुकराचं नाक यातला फरक कळायला वायरमनच असावं लागतं असं नाही. पण त्यानं तुकडा खिशात टाकला. "नवा पत्रा आणतो. तोवर लाईन बंद. अन् सोजराताई कुठाय? खड्ड्यात पाणी टाकत जा म्हणून त्याहिले सांगून ठेवलं होतं."

"माहेरी गेली," मंजुळाबाई म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

त्या दिवसापासून घरात परत कंदील आला. आणि मंजुळाबाईला कळून चुकलं की हे फक्त तिला एकटीला कळलं आहे. शंकररावाला गावच्या भानगडी ठाऊक नव्हत्या. शेषरावानं काही ऐकलं नव्हतं. तिनं तोंड शिवून ठेवलं असतं तर कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता. सोजरा लोणारला राहिली असती. शेषरावाला लोक दुसरी बायको करायचं सुचवायलाच लागले होते, आणि सल्ला विचारायला येणार होते कोणाकडं? मंजुळाबाईकडंच!

भाजलेल्या हाताला हळद लावताना महादेवराव म्हणाला, "तू होती म्हणून घर वाचलं." तेव्हा मात्र तिला बसवेना. अंगाची आग व्हावी तशी तिला लाज वाटली. नवऱ्याला मारायला निघालेलं संकट जिच्या हातानं आलं, तिच्याच हाताची हळद, आणि वर हा तिचे आभार मानतो!

ती कोणाला न सांगता एसटीनं लोणारला गेली.

सोजरा भावाच्या शेतावर निंदायला गेली होती. महिनाभरात वाळून काटकी झाली होती. मंजुळाबाईला पाहून ती उठली, पदर सावरला, वाकून पाया पडली. रीतच तशी. मंजुळाबाईला मात्र ते सोसेना.

"नको गं पडू माह्या पाया. चुकलं माहं. शंकरराव आलता. त्यानं सांगतलं सगळं. चाल घरी."

सोजरानं खुरपं खाली ठेवलं. "माह्या भावजयनं मले आल्यापासून तिचं लेकरू घेऊ देलं नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "करणीचं नाव इथपर्यंत पोचलं. मी येते. पण तुमी जिथं बोलल्या तिथंच बोला. तेवढ्याच लोकाइपुढं."

"बोलीन," मंजुळाबाई म्हणाली.

आणि ती बोलली. सोजराला घेऊन एसटीतून उतरली तशी सरळ पारावर गेली. तुळशीराम होता, महादेवराव गळ्यात हात बांधून बसला होता, झुंबरबाई होती, होती नव्हती ती सगळी माणसं होती. तिनं पायरीवर हात ठेवला. "माही चूक झाली. ते करणीचं नव्हतं, मीटरचं होतं. मले समजलं नाही. सोजरा निर्दोष हाये."

मंजुळाबाईला वाटलं, झालं, सुटले. आणि मग झुंबरबाई शेजारणीच्या कानाशी लागली. पण कुजबुजणं असं की शेवटच्या माणसाला ऐकू जावं.

"पाह्य, हिचंही तोंड बांधलं तिनं. लोणारले गेली अन् फिरूनच आली."

"मंजुळाबाई असं बोलन का कधी शुद्धीत?" दुसरीनं म्हटलं. तुळशीरामनं मान हलवली. "बाई, घरी जा. मांत्रिकाले बलावतो. जबर हाये हे."

मंजुळाबाई बघतच राहिली. उभ्या जन्मात गावानं तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. वाईट बोलली तेव्हा एका शब्दात पटलं, आणि खरं बोलली तर तिला शुद्धच नाही! सोजरापासून माणसं आणखी दोन हात मागं सरकली होती.

सकाळी शंकरराव नवा पत्रा घेऊन आला. मंजुळाबाई म्हणाली, खड्डा मी खणते. खणला. पत्रा उभा केला, शंकररावानं तार कसून बांधली आणि पेटीतली घासलेली वायर बदलायला तो ओसरीवर चढला. खड्ड्यापाशी दोघी जावाच राहिल्या. मंजुळाबाई कोळसे टाकत होती, सोजरा मीठ. भिंतीपलीकडं झुंबरबाईचं डोकं होतंच.

"जाऊबाई," सोजरा हळूच म्हणाली, "एक विचारू? तुमाले खरंच वाटलं होतं का? का राग होता?"

मंजुळाबाईचा हात थांबला. 'खरंच वाटलं होतं गं' म्हणायला कितीसा वेळ लागतो. सोजराही ऐकून घेणार होती. ऐकायलाच बसली होती बिचारी. पण त्या तारेचं टोक समोर होतं, आणि भिंतीवर तोच फुगवटा, सरळ वर गेलेला.

"तार दिसली होती मले," मंजुळाबाई म्हणाली. "मीटरकडं गेलेली. मले समजत होतं की हे उजेडाचंच काहीतरी हाये. पण मले ते करणीचं पाह्यजे होतं. तू सगळ्याइले समजावून सांगत होती न, त्या दिवशी... ते मले पाह्यवलं नाही. माह्या पोरीचं मोडलं, अन् तुहं कौतुक. मनलं, हिचं बी कायतरी मोडावं."

सोजरानं मिठाचा हात झटकला. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "हे पारावर नाही सांगतलं तुमी."

"नाही."

"हे सांगतलं असतं तं लोकाइले पटलं असतं."

मंजुळाबाईनं मान वर केली. खरंच होतं ते. करणी नव्हती हे गावाला पटत नव्हतं. पण जावेनं जावेचा दुस्वास केला, हे न पटायला गाव काय आभाळातून पडलं होतं? ते घरोघरी होतं. फक्त ते सांगितलं की मंजुळाबाई संपली. कोणी परत तिला दारात उभं करून विचारणार नव्हतं की पोर कुठं देऊ. वत्सलेचं तर पुढं बघायलाच नको.

ती उठली. हात कोपरापर्यंत काळे होते. ते धुवायलाही थांबली नाही, कारण धुवायला थांबली असती तर गेली नसती.

पारावर सकाळची माणसं होतीच. महादेवरावही होता. मंजुळाबाईनं ह्यावेळी पायरीवर हात ठेवला नाही. काळ्या हातानं शिवायची तिला लाज वाटली. उभ्या उभ्या बोलली. तार दिसली होती म्हणाली. समजून उमजून तोडली म्हणाली. जावेचं कौतुक पाहवलं नाही, म्हणून तिच्यावर बालंट घेतलं, आणि त्या तोडलेल्या तारेपायी कुंकू पुसायची पाळी आली होती म्हणाली. डुकरांचंही सांगितलं. काही उरू दिलं नाही.

कोणी कुजबुजलं नाही. मांत्रिकाचं नाव काढलं नाही.

"असं होय," तुळशीराम म्हणाला. "मंग बराबर हाये. आता समजलं."

"मले पह्यलेच वाटत होतं," अंगणातून मागोमाग धावत आलेली झुंबरबाई म्हणाली. "गरीब पोरगी हो सोजरा. हिचंच काळीज काळं!"

एका शब्दात पटलं. मंजुळाबाई उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळ्यांचे चेहरे फिरत होते. एवढी माणसं, आणि एकाही नजरेला नजर देता येईना. जमीन दुभंगावी असं म्हणतात; ती दुभंगत नाही. महादेवराव उठला. भाजलेल्या हाताकडं त्यानं एकदा पाहिलं, मग तिच्याकडं न पाहता दुसऱ्या वाटेनं मळ्याकडं निघून गेला. तिनं त्याला हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

सोजरा पाराच्या कोपऱ्यावर येऊन उभी होती. पाण्याला चाललेल्या बायका तिच्यापाशी थांबल्या, एकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, काहीबाही बोलल्या. सोजरानं त्यांना उत्तर दिलं नाही. मंजुळाबाई जवळ येईपर्यंत ती थांबली.

"चला," ती म्हणाली. "शंकरभाऊ खोळंबला. खड्ड्यात पाणी टाकाचं ऱ्हायलं."

ती पुढं झाली, आणि तिच्या मागून मंजुळाबाई खाली मान घालून घराकडं चालू लागली.